परसदारातला ड्युअल-बँड फिल्टर: दीड वर्षाचा जमाखर्च

मी हिशेबनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासायच्या आणि रात्री आभाळ मोकळं असलं की मागच्या अंगणात दुर्बीण मांडायची, असा माझा दिनक्रम. पेशाची खोड जात नाही, म्हणून तेजोमेघांच्या फोटोंचीही वही ठेवते. तारीख, चंद्र किती, फ्रेम किती काढल्या, किती फेकल्या आणि का फेकल्या. या वहीत सध्या ४१ रात्री आणि ११८ तास जमा आहेत. त्यातले ३० तास बुडीत खाती गेले: ढग, दव, एकदा माझाच पाय केबलमध्ये अडकला. उरलेल्या तासांच्या जोरावर हे परीक्षण लिहिते आहे.

वस्तू म्हणजे दोन इंची ड्युअल-बँड फिल्टर, उजेडाचे फक्त दोन अरुंद पट्टे आत सोडणारी काच, दोन्ही पट्टे सात नॅनोमीटरचे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. माझा पहिला नग सदोष निघाला, दुसरा बरा निघाला, आणि दोन नगांवरून कुणाची अब्रू काढावी किंवा वाढवावी असं मला वाटत नाही. शिवाय असे फिल्टर आता बरेच जण बनवतात आणि माझं बोलणं या जातीबद्दलच आहे.

आधी अंगण कसं आहे ते सांगते. आकाश किती काळं आहे हे मोजायला जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये एक ते नऊ अशी श्रेणी दिली. एक म्हणजे निखळ अंधार, नऊ म्हणजे शहराचा मध्य. माझं अंगण आठवर बसतं. शर्मिष्ठेचे पाच तारे मोजता येतात, पण पाचवा शोधायला डोळे बारीक करावे लागतात. आकाशगंगा नाहीच. कुंपणापलीकडे रस्त्याचा पांढरा एलईडी आहे आणि शेजारच्या काकांच्या पडवीत रात्रभर एक दिवा जळतो.

हत्यारं साधी आहेत. ७२ मिलिमीटर व्यासाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण, म्हणजे अंतर भागिले व्यास, एफ/५.६, आयएमएक्स ५३३ सेन्सरचा थंड करता येणारा रंगीत कॅमेरा, आणि गाइडिंगसह, म्हणजे ताऱ्याचा माग धरून चाल सुधारत चालणारा माउंट (दुर्बिणीची फिरती बैठक). सेन्सर चौकोनी, साडेअकरा मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळे आकाशाचा जेमतेम दीड अंशाहून थोडा मोठा तुकडा एका फ्रेममध्ये मावतो.

आता हा फिल्टर नेमकं काय करतो? रस्त्यावरचा एलईडी आपला उजेड सगळ्या रंगांत पसरून टाकतो. निळ्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास एक टोक, मग पिवळ्या भागात रुंद टेकाड. तेजोमेघाचं तसं नाही. तिथला तापलेला विरळ वायू ठरावीक तरंगलांबींवरच चमकतो. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, तिला एच-अल्फा म्हणतात. ऑक्सिजनची हिरवट-निळी रेषा ५००.७ वर, ती ओ-थ्री. फिल्टर या दोन रेषांभोवती दोन अरुंद खिडक्या उघड्या ठेवतो आणि बाकीची भिंत बंद करतो. बस्स, एवढंच.

जुन्या 'प्रकाशप्रदूषण फिल्टर'चा माझा अनुभव वाईट आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. जुने फिल्टर सोडियमच्या आणि पाऱ्याच्या दिव्यांसाठी बनले होते. सोडियम ५८९च्या आसपास जळतो, पारा ५४६ आणि ४३६ला. तेवढे भाग छाटले की काम भागायचं. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले आणि माझा जुना फिल्टर एका हंगामात शोभेची वस्तू झाला. चोर बदलले, कुलूप तेच राहिलं.

माझ्या भाषेत मांडते. रंगीत कॅमेऱ्यातला लाल पिक्सेल फिल्टरशिवाय साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचा उजेड गोळा करतो. त्यात तेजोमेघाचा वाटा एका रेषेचा आणि शहराचा वाटा उरलेला सगळा. सात नॅनोमीटरची खिडकी लावली की शहराचा वाटा ढोबळमानाने चौदाव्या हिश्शावर येतो आणि तेजोमेघाचा जवळजवळ तसाच राहतो. आभाळाच्या उजेडामुळे येणारी खरखर त्या उजेडाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे जे चित्र फिल्टरशिवाय चौदा तासांत मिळालं असतं ते साधारण एका तासात पदरात पडतं. कागदावरचा हा हिशेब अंगणात अगदी तंतोतंत उतरत नाही, पण मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि फरक त्याच जातीचा आहे.

डबी उघडली त्या दुपारी मी फिल्टर बराच वेळ हातातच धरून बसले होते. समोरून तो आरशासारखा. त्यात माझा चष्मा स्पष्ट दिसत होता. खिडकीतल्या उजेडाकडे धरला तर काच अंधारलेली, जांभळ्या-निळ्याकडे झुकणारी. मग तिरका केला आणि आतला लाल हळूहळू नारिंगी झाला, हिरवट-निळा गडद निळ्यावर गेला. काचेवर पातळ थरांवर थर चढवलेले असतात आणि किरण तिरके आले की त्या थरांची मोजमापं बदलतात, खिडक्या कमी तरंगलांबीकडे सरकतात. हा नुसता गमतीचा भाग नाही. एफ/२ सारख्या वेगवान दुर्बिणीत कडेचे किरण इतके तिरके येतात की अरुंद फिल्टरची खिडकी रेषेवरून घसरते. तसल्या दुर्बिणींसाठी वेगळे फिल्टर घ्यावे लागतात. माझ्या एफ/५.६ ला सात नॅनोमीटर निर्धास्त चालतो.

आणि यामुळेच शेजारच्या काकांचा दिवा मला नडला. फिल्टर पसरलेला उजेड छाटतो, पण नळीत कडेने शिरलेला थेट झोत त्याला आवरत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात एक मळकट लाल पट्टा यायचा. मी दोन रात्री फ्लॅट फ्रेमना (कडेचा काळसरपणा आणि धुळीचे डाग काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) दोष देत बसले. शेवटी काळ्या पुठ्ठ्याची हातभर नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला लावली, पट्टा गेला. नंतर काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो ताई, आधी बोलायचंत ना!" आणि दिव्याला पत्र्याची टोपी घातली. पुठ्ठा मी तरी काढलेला नाही.

पहिलं खरं चित्र हंसातलं. हंसपुच्छ ताऱ्याजवळ उत्तर अमेरिका तेजोमेघ आहे, खगोलयादीतला क्रमांक एनजीसी ७०००. अख्खा घ्यायला दोन अंश लागतात, माझ्या चौकटीत तो मावत नाही. म्हणून मेक्सिकोच्या आखातासारखा दिसणारा काळा भाग आणि त्याला लागून असलेली झगझगीत कडा, जिला हंसाची भिंत म्हणतात, तेवढंच धरलं. फिल्टरशिवाय माझ्या आभाळात तीस सेकंदांत फ्रेम राखाडी होते. आता पाच मिनिटांची फ्रेम लावली आणि आत जाऊन बसले. लॅपटॉपवर पहिली फ्रेम उतरली. अंधारातला तपशील उजळवणारं स्ट्रेचचं बटण दाबलं आणि ती भिंत समोर उभी. स्टॅक (अनेक फ्रेम एकत्र करणं) नाही, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचे दोष वजा करणं) नाही, एका कच्च्या फ्रेममध्ये. डोक्यावरचं आभाळ तेव्हाही नेहमीसारखं फिकट, धुपलेलंच होतं. मी दार उघडून एकदा वर बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

मग कुरबुरी सुरू झाल्या.

पहिली कोपऱ्यांची. मधले तारे गोल, कोपऱ्यातले लांबट, जणू कुणी बोटाने ओढलेत. दुर्बिणीमागच्या फ्लॅटनरला (कडेपर्यंत तारे गोल ठेवणारं भिंग) सेन्सर ५५ मिलिमीटरवर हवा असतो, ते अंतर मी कॅलिपरने मोजून बसवलेलं होतं. विसरले ते एवढंच, की मध्ये काच घातली की प्रकाशाचा केंद्रबिंदू काचेच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश मागे सरकतो. फिल्टर दोन मिलिमीटर जाड, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. पातळ चकत्या घालून अंतर ५५.७ केलं, कोपरे ताळ्यावर आले. ही एक ओळ फिल्टरच्या डबीत छापील चिठ्ठीवर असती तर माझ्या चार रात्री वाचल्या असत्या. चिठ्ठीवर काय होतं? काच मऊ कापडाने पुसा.

दुसरी तक्रार मोठी, आणि तीच या फिल्टरांची जुनी दुखरी नस आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याला माहीत आहेत. त्यातला सर्वांत पूर्वेकडचा अल्निटाक. त्याला खेटून अश्वमुख आहे. लाल हायड्रोजनच्या पडद्यापुढे उभा असलेला धुळीचा काळा ढग. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एका काचेवर तो विल्यमिना फ्लेमिंग यांच्या नजरेला पडला. फिल्टर पारखायचा तर इथेच, कारण इतका तेजस्वी तारा इतक्या फिकट मेघाच्या शेजारी दुसरीकडे क्वचित सापडतो. माझ्या फोटोत अश्वमुख सुरेख आलं होतं आणि अल्निटाकभोवती कंपासने काढावी तशी निळी-हिरवी तबकडी होती.

विक्रेत्याचं म्हणणं, हे कॅमेऱ्यातलं परावर्तन असणार. ठीक आहे. मी तोच तारा तीन प्रकारे टिपला: फिल्टरशिवाय, फिल्टर लावून, आणि फिल्टर सेन्सरपासून दहा मिलिमीटर लांब नेऊन. पहिल्यात तबकडी नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात आहे आणि दोन्हीकडे सारख्याच मापाची, सव्वाशे पिक्सेलच्या घरात. परावर्तन फिल्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये होत असतं तर अंतर वाढल्यावर तबकडीही वाढली असती. दोन मिलिमीटर काचेच्या आतल्या आत उजेड एकदा मागे-पुढे गेला तर एफ/५.६ ला केवढं वर्तुळ पडेल हे गणित केलं: १२७ पिक्सेल. तीनही फोटो, आकडेमोड आणि एक नम्र पत्र पाठवलं. उत्तराला तीन आठवडे लागले, पण नग बदलून मिळाला. दुसऱ्या नगात तबकडी आहे, नाही असं नाही. पण तिच्यासाठी चित्र बरंच ताणावं लागतं आणि मऊ ब्रशने झाकता येते. कुणी 'शून्य हॅलो', म्हणजे अशी तबकडी येणारच नाही, असं छापलं असेल तर माल हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात अल्निटाकवर किंवा तसल्याच एखाद्या ठळक ताऱ्यावर खात्री करून घ्या. परतीची मुदत निघून गेल्यावर मग बोंब मारून उपयोग नाही.

सुट्टीत भाचा आला होता. त्याला दुर्बिणीतून मृगातला मोठा तेजोमेघ दाखवला. डोळा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आत्या, हा तर करडा आहे. तुझ्या फोटोत लाल कसा?" प्रश्न चोख होता. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि त्यांची सर्वांत जास्त संवेदना ५०७ नॅनोमीटरच्या आसपास असते. ऑक्सिजनची रेषा त्यांना चांगली जाणवते, हायड्रोजनची लाल जवळजवळ नाहीच. लाल तिथे खरंच आहे, आपल्याकडे ते घ्यायला भांडं नाही. त्या ऑक्सिजनच्या रेषेचीही एक गंमत त्याला सांगितली. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एनजीसी ६५४३ या तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा ती हिरवी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. नवंच मूलद्रव्य असावं अशी समजूत झाली, त्याला 'नेब्युलियम' असं नावही पडलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजनच, फक्त इतक्या विरळ वायूत की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी स्थिती सहजी साधत नाही. साठेक वर्षं चुकीच्या खात्यावर पडून राहिलेली नोंद. मला ही गोष्ट फार आवडते, का ते सांगायला नको.

पण त्याच ऑक्सिजनने मला सर्वांत जास्त रडवलंय. रंगीत कॅमेऱ्याच्या चार पिक्सेलांपैकी एक लाल, एक निळा, दोन हिरवे. म्हणजे हायड्रोजन फक्त पाव पिक्सेलांवर पडतो आणि ऑक्सिजन उरलेल्या पाऊण भागावर. ऑक्सिजनची चंगळ व्हायला हवी ना? होत नाही, कारण बहुतेक तेजोमेघांत मुळात ऑक्सिजनचा उजेडच क्षीण असतो. हंसातलाच चंद्रकोर तेजोमेघ घ्या, एनजीसी ६८८८. आत डब्ल्यूआर १३६ नावाचा वोल्फ-राये तारा आहे, म्हणजे जोरदार वारा सोडणारा अतितप्त तारा. त्याचा आताचा वेगवान वारा त्याने पूर्वी टाकलेल्या संथ वाऱ्याला गाठून धडकतो, त्या टकरीतून ही कोर झळकते. कोरीतला लाल जाळीदार भाग मला दोन तासांत मिळाला. त्यावर ऑक्सिजनचं एक पातळ निळं आवरण असतं, साबणाच्या फुग्याच्या कातडीसारखं. सहा तासांनंतर आवरणाची नुसती शंका आली. चौदा तासांनी ते आहे असं खात्रीने म्हणता आलं, तेही मला. भाच्याला बोट ठेवून दाखवावं लागलं. सुधारणा तासांच्या वर्गमुळाने होते, म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट. या व्यवहारात सवलत नाही.

चंद्राबद्दल जाहिराती सर्रास खोटं नाही पण अर्धं बोलतात. पौर्णिमेच्या आसपासही फोटो काढा म्हणतात. हायड्रोजनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं: माझ्या पौर्णिमेच्या रात्रीच्या लाल नोंदी अमावास्येच्या नोंदींपेक्षा थोड्याच खरखरीत आहेत. ऑक्सिजनची खिडकी मात्र हिरव्या-निळ्यात आहे आणि हवेत विखुरलेलं चांदणं तिथेच जास्त असतं. आता मी चंद्र असताना हायड्रोजनने भरलेली लक्ष्यं घेते, शृंगाश्वातला गुलाब तेजोमेघ वगैरे (तो सव्वा अंशाचा, माझ्या चौकटीत फुलदाणीत ठेवल्यासारखा बसतो), आणि चंद्र नसलेल्या रात्री ऑक्सिजनच्या लक्ष्यांसाठी, म्हणजे जाळी तेजोमेघासाठी, राखून ठेवते.

कुठे लावू नये? कृत्तिकांवर लावून पाहिला, हौस म्हणून. तिथला निळा उजेड वायूचा स्वतःचा नाही. धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा आहे, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टरने दिव्यांसोबत तोही कापला. दोन तासांनी हाती सात खिळे आणि काळी पाटी. देवयानीतल्या दीर्घिकेचं तेच. तिचा उजेड अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यासारखाच पसरट. उजळ आभाळात दीर्घिका हव्या असतील तर काळ्या आकाशाखाली जा, काचेने ते साधणार नाही. याउलट एम २७, डंबेल तेजोमेघ, दीड तासात असा उमलला की मी वहीत आकड्यांऐवजी 'वा!' लिहिलं.

ताऱ्यांचे रंग हा फिल्टर खातो. दोन अरुंद खिडक्यांतून ताऱ्याचा खरा पिवळा किंवा निळा कळायचा कसा? सगळे तारे फिके, काही जांभळट. म्हणून शेवटी फिल्टर काढून अर्धा तास छोट्या फ्रेम घेते, ताऱ्यांपुरत्या. मग सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये (मोफत आहे, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे काढायची तयार स्क्रिप्ट त्यात आहे) दोन्ही रेषा सुट्या करते, स्टारनेट या प्रोग्रामने तारे बाजूला काढते आणि शेवटी रंगीत तारे परत पेरते. प्रत्येक वेळी फिल्टर काढ-घाल करायची तर फोकस पुन्हा लावावा लागतो. बाख्तिनोव्हची जाळी (दुर्बिणीच्या तोंडावर लावून फोकस जुळला का ते दाखवणारी खाचांची चकती) हाताशी ठेवा, कारण फिल्टरमागे तारे इतके मंद होतात की डोळ्याने फोकस साधत नाही. फ्लॅटही फिल्टर जागेवर असतानाच घ्या.

कुणासाठी आहे हे? रंगीत खगोल-कॅमेरा आणि गाइडिंग आधीच असेल, घरी बोर्टल सात-आठ असेल आणि एकाच लक्ष्यावर चार-पाच रात्री बसायची तयारी असेल, त्यांनी डोळे मिटून घ्यावा. साधा डीएसएलआर, बदल न केलेला, असेल तर थांबा: त्याच्या सेन्सरपुढची मूळ काचच एच-अल्फाचा मोठा भाग अडवते. आधी दुकान उघडं आहे का बघा, मग चांगली पिशवी शोधा. गंधकाची तिसरी रेषा या फिल्टरमध्ये नाही, त्यामुळे हबलच्या १९९५च्या 'सृष्टीच्या स्तंभां'सारखी तीन वायूंची सोनेरी-निळी रंगसंगती यातून खऱ्या अर्थाने निघत नाही. दोन रेषांचं मिश्रण करून तसा रंग देता येतो, लोक देतात, मीही एकदा दिला. पण तिथे हिशेबात नसलेली रक्कम जमेला धरल्यासारखं वाटतं, म्हणून आता लाल आणि निळसर, एवढ्यावर थांबते.

पाचपैकी सव्वाचार. पाऊण गुण गेला तो तबकडीचा आणि त्या चिठ्ठीचा. चंद्रकोरीच्या पानावर सध्या १४ तास २० मिनिटं आहेत. हंस पुन्हा वर येईल तेव्हा हा आकडा तीसवर न्यायचा विचार आहे, अमावास्येच्या रात्रीच धरून. काकांच्या दिव्यावरची टोपी वाऱ्याने कलली आहे, तेवढी आधी नीट करून घ्यायला हवी.